वेळापत्रकात हातचा किती धरायचा?

पाडव्याला किंवा एक जानेवारीला कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर जे वेळापत्रक उतरतं, ते बहुतेक घरांत एकाच साच्यातलं असतं. ५:०० उठणे. ५:१५ प्राणायाम. ५:४५ ते ७ अभ्यास. संध्याकाळी ७:३० चालायला जाणे, ८:३० वाचन, १०:०० झोप. पट्टीने मारलेल्या रेघा, दोन रंगांची शाई. सोमवारी ते निभतं, मंगळवारी ओढूनताणून निभवलं जातं, आणि गुरुवारी त्याच पानाच्या मागे वाण्याची यादी येते. मग माणूस स्वतःला आरंभशूर म्हणवून मोकळा होतो. पण इथे शौर्य कमी पडलेलं नसतं, बेरीज चुकलेली असते. त्या पानावर प्रवास कुठे आहे? रिक्षाची लाईन कुठे आहे? कुकर, आंघोळ, ओटा पुसणं, आईचा फोन?

बेरीज एकदा करूनच पाहू. डोंबिवलीत घर, फोर्टात नोकरी, ऑफिस ९:३० ते ६:३०. म्हणजे नऊ तास तिथेच गेले. घरातून निघून रिक्षाच्या लाईनीसकट स्टेशन गाठायला २० मिनिटं, प्लॅटफॉर्मवर १०, फास्ट गाडीने सीएसएमटी साधारण ७०, तिथून चालत ऑफिस १५. जाताना एक तास ५५ मिनिटं झाली. येताना एखादी भरलेली गाडी सोडावी लागते, कोपऱ्यावर भाजी घ्यावी लागते, म्हणून दोन तास ५ मिनिटं धरा. प्रवासाचे चार तास. झोप सात तास, त्याखाली जायचं नाही. नऊ, चार आणि सात मिळून वीस. उरले चार. त्यातून सकाळी आंघोळ, चहा आणि डब्याला सव्वा तास, रात्री जेवण, भांडी आणि उद्याच्या भाजीला सव्वा तास. उरला दीड तास. मुलांचा गृहपाठ, सोसायटीचे मेसेज, गॅसचं बुकिंग, शेजारी आलेलं कुरिअर हे सगळं त्यातच बसवायचं असतं. निम्मा वेळ त्यात गेला असं धरलं तर हातात ४५ मिनिटं राहतात.

हे खरं भांडवल. वर लिहिलेल्या पानावर याच भांडवलातून सव्वाचार तास खर्च करायचे ठरले होते. त्यातही ७:३० ला चालायला जायचं म्हणे. साडेसातला हा माणूस घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये कुठेतरी दुसऱ्याच्या बॅगेला नाक लावून उभा असतो. रात्र थोडी, सोंगं फार.

म्हणून वेळापत्रक लिहिण्याआधी एक आठवडा नुसतं मोजायचं. पाठकोरे कागद किंवा चाळीस पानी वही, तीन रकाने: कधी सुरू झालं, काय, कधी संपलं. काम बदललं की लगेच लिहायचं. रात्री आठवून लिहिलेला दिवस खोटा असतो, त्यात फोनवर गेलेली चाळीस मिनिटं पंधरा होतात. फोनचा वेगळा हिशेब लिहायची गरजच नाही. सेटिंगमध्ये रोजचा स्क्रीन टाइम अ‍ॅपवार मिळतो, तोच आकडा रात्री वहीत उतरवायचा. सात दिवस सलग मोजा, रविवारसकट. गणपतीचा आठवडा, मे महिन्याची सुट्टी, घरात लग्न, हे आठवडे मोजायला घेऊ नका. मोजताना काही सुधारायलाही जाऊ नका. डॉक्टर वजन घेणार म्हणून एक दिवस उपाशी राहण्यासारखं आहे ते.

मोजलं की पहिला धक्का 'दहा मिनिटांत आवरतो' या वाक्याला बसतो. आपल्याच कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सतत कमी बांधतो, आधी दहा वेळा तोंडघशी पडूनही. डॅनियल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. कारण सोपं आहे: अंदाज बांधताना डोळ्यांसमोर सगळं सुरळीत पार पडलेला दिवस असतो. गिझर चालू, मोजे जोडीने सापडलेले, लिफ्ट आपल्याच मजल्यावर.

यावर उपाय सरासरी काढण्याचा नाही. समजा आवरायला पाच दिवसांत २२, २५, २४, ३८ आणि २७ मिनिटं लागली. चढत्या क्रमाने लावली तर २२, २४, २५, २७, ३८. यातला शेवटून दुसरा आकडा घ्यायचा, २७. पाचातले चार दिवस त्यात बसतात. ३८ वाला दिवस सोडून द्यायचा, त्या दिवशी नळच गेला असेल. प्रत्येक नेहमीच्या कामाचा असा शेवटून दुसरा आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवा. पुढचं सगळं याच आकड्यांवर उभं राहतं.

आता खुंट्या. दिवसातल्या ज्या वेळा आपल्या हातात नाहीत त्या आधी कागदावर ठोकायच्या, बाकीचे कपडे नंतर टांगायचे. मुंबईत या खुंट्या ठरलेल्या आहेत. पाणी ही पहिली. महापालिकेचं पाणी दिवसातून काही ठरावीक तासच येतं, आणि ज्या सोसायटीत टाकीतून वर सोडण्याच्याही वेळा बांधलेल्या आहेत तिथे मशीन लावणं, पिंप भरणं आणि आंघोळी त्याच पट्ट्यात होतात. दुसरी कामाच्या मावशींची वेळ. त्यांची चार घरं असतात, आपलं तिसरं असेल तर पहिल्या दोन घरांतला उशीर आपल्याकडे पोचतो. तिसरी शाळेची बस. चौथी गाडी.

गाडीपासून उलटं मोजत यायचं. समजा ९:३० च्या ऑफिसला शेवटची चालणारी गाडी ८:०५ ची आहे. लोक ८:०५ हीच वेळ मनात धरतात आणि आठवड्यातून दोनदा लेटमार्क घेतात. तिच्या आधीची चालेल अशी गाडी शोधा, समजा ७:५६. घरातून निघायचं ते ७:५६ साठी, आणि ती चुकली तर ८:०५ आहेच. मग उलटा हिशेब: ७:५६ ची गाडी, प्लॅटफॉर्मवर पूल उतरून आपल्या डब्यापाशी ७:४८, रिक्षाच्या लाईनीत ७:३०, कुलूप ७:२५, चपला-डबा-पास-छत्री ७:२०. दाराशी जाणारी ही शेवटची पाच मिनिटं कुणीच लिहीत नाही आणि रोज तीच नडतात. पुलाचंही तसंच. चढून, माणसांच्या लोंढ्यातून उतरून पलीकडे जायला गर्दीच्या वेळी चार-पाच मिनिटं सहज जातात; इंडिकेटरवर गाडी दिसते आणि पाय जिन्यावर अडकलेले असतात. शिवाय रिक्षाची लाईन ही सरळ रेषेत वाढत नाही. ७:३० ला दहा माणसं असतात, ७:४५ ला तीस. पाच मिनिटं उशिरा निघालात तर पंधरा मिनिटं उशिरा पोचता.

गाडी निवडतानाच तिच्यात काय करता येईल हे ठरतं. कल्याण किंवा विरारहून भरून आलेल्या आठच्या फास्टमध्ये पुस्तक उघडण्याचा संकल्प करणाऱ्याने एकदा त्या डब्यात हात वर काढून दाखवावा. तिथे फक्त कान मोकळे असतात: ऐकायची व्याख्यानं, भाषेचे धडे, स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली उजळणी. वाचायचंच असेल तर आपल्या स्टेशनातून सुटणारी गाडी पकडायची. डोंबिवली, ठाणे, बोरिवली, अंधेरी इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत. स्लो असली तर पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, पण बसून मिळालेली एक तासाची सलग बैठक घरात कुठे मिळणार? ज्यांचं रोजचं भांडवल ४५ मिनिटांचं आहे त्यांनी हा सौदा जरूर करून पाहावा. फक्त चौथ्या सीटवर लिहिण्याचं काम धरू नका. अर्धं अंग बाहेर असतं, पेन चालत नाही.

मुंबईकराला वेळापत्रक शिकवायला खरं तर रेल्वेच पुरेशी आहे. आपल्याला दिसतं ते छापील वेळापत्रक; आतल्या कर्मचाऱ्यांसाठी कामकाजाचं वेगळं वेळापत्रक असतं, आणि त्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांना जादा मिनिटं दिलेली असतात: रुळांची कामं चालू असलेल्या ठिकाणी गाडी हळू न्यावी लागते म्हणून काही, पुढे दुसरी गाडी अडली तर म्हणून काही. त्याची खूण छापील वेळापत्रकातही सापडते. दादर ते सीएसएमटी अंतर नऊ किलोमीटर. मुंबईहून सुटलेली मेल-एक्सप्रेस दादरला दहा-बारा मिनिटांत येते, पण मुंबईकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांना याच नऊ किलोमीटरसाठी वीस-पंचवीस मिनिटं दिलेली दिसतात. गाडी तिथे हळू चालते म्हणून नाही. वाटेत झालेला उशीर शेवटच्या टप्प्यात गिळता यावा म्हणून.

शाळेत बेरीज करताना आपण हातचा धरायचो, तसा हा वेळेचा हातचा. किती धरायचा? गर्दीच्या प्रवासाला आणि घरच्या सकाळीला तासामागे दहा मिनिटं, शांत बसून करायच्या कामाला तासामागे पाच. यापेक्षा जास्त धरला तर तो फोनमध्ये जातो. दिलेला वेळ पुरेपूर भरेपर्यंत काम फुगत जातं, असं सिरिल नॉर्थकोट पार्किन्सनने १९५५ साली थट्टेने लिहिलं होतं, आणि रिकाम्या अर्ध्या तासाचं काय होतं हे पाहिल्यावर त्यात थट्टा फार उरत नाही.

कुठे धरायचा, हे जास्त महत्त्वाचं. बहुतेक जण रात्री दहा ते अकरा 'मोकळा वेळ' ठेवतात आणि दिवसभराचा उशीर तिथे भरून काढू म्हणतात. दिवसभराचा उशीर साचत साचत तिथे येतो आणि मग झोपेत शिरतो. झोप सहा तासांवर येते, दुसरी सकाळ उशिराने सुरू होते, आणि बुधवारपर्यंत सगळं कोसळतं. हातचा रात्रीच्या टोकाला नको, खुंटीच्या आधी हवा: गाडीच्या आधी दहा मिनिटं, मावशी यायच्या आधी पाच, घरी पोचण्याच्या वेळेनंतर आणि जेवणाच्या आधी पंधरा. एखाद्या दिवशी हातचा लागलाच नाही, तर त्यात नवं काम कोंबू नका. लवकर पोचून प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं उभं राहिल्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही.

आता त्या ४५ मिनिटांत काय ठेवायचं. एकच गोष्ट. व्यायाम, इंग्रजी, वाचन, गिटार आणि शेअर बाजाराचा अभ्यास अशी पाच कामं नऊ-नऊ मिनिटांची केली तर एक ना धड, भाराभर चिंध्या. तीन महिन्यांसाठी एक काम निवडा, बाकीच्यांची नावं शेवटच्या पानावर लिहून ठेवा. ती तिथे सुरक्षित राहतात. पंचेचाळीसातली पहिली दहा मिनिटं मांडामांडीत जातात आणि शेवटची पाच हातच्यात, म्हणजे ऐन कामाची बैठक तीस मिनिटांच्या आतलीच. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाची पद्धत आता सगळीकडे पोमोडोरो या नावाने चालते. आपल्याकडे दिवसाच्या साठ घटका मोजत, एक घटका २४ मिनिटांची. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटं. एकाग्र बसण्याचं माप म्हणून घटका पुरेशी आहे. रविवारी जमलं तर मुहूर्त.

ही बैठक घड्याळाला बांधू नका. 'रात्री ९:५० ला अभ्यास' असं लिहिलं आणि कुर्ल्याला सिग्नलमध्ये गाडी अडकली की ९:५० ला आपण जेवत असतो. मग वेळ टळली, आता उद्या बघू. त्याऐवजी आधी घडणाऱ्या गोष्टीला गाठ मारायची: ताटं सिंकमध्ये गेली की टेबल पुसायचं आणि पुस्तक उघडायचं. जेवण ९:२० ला होवो की १०:१० ला, ताटं सिंकमध्ये जाणारच. 'अमुक झालं की तमुक करीन' असं नेमकं ठरवलं तर नुसत्या निश्चयापेक्षा काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वारंवार तपासून दाखवलं आहे. गाठ मारताना दोन गोष्टी बघा. आधीची गोष्ट रोज घडणारी हवी, आणि तिचा शेवट डोळ्यांना दिसायला हवा. 'जेवण झाल्यावर' हे सैल आहे, कारण जेवणानंतर माणूस सोफ्यावर जातो. 'ताट सिंकमध्ये ठेवल्यावर' हे घट्ट आहे, कारण तेव्हा तो उभा असतो.

सुरुवातीचा अडथळाही आदल्या रात्रीच काढून ठेवायचा. पुस्तक शेल्फात नाही, टेबलावर, त्याच पानावर उघडं, पेन टोपण काढून. चालायला जायचं असेल तर बूट दारात, मोजे बुटात. वीस सेकंदांच्या शोधाशोधीत माणूस फोन हातात घेतो आणि तिथून परत येत नाही. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

पाचला उठण्याबद्दल थोडं. हा सल्ला देशभर एकाच सुरात दिला जातो, पण आपलं घड्याळ ज्या रेखावृत्तावर चालतं ते मुंबईपासून बरंच पूर्वेला आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून असली तरी मुंबईने स्वतःची वेळ पुढे कित्येक वर्षं, १९५५ पर्यंत चालवली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि सूर्याच्या हिशेबाने तीच खरी होती. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. तेव्हा पाचला उठणं म्हणजे उजाडायच्या सव्वादोन तास आधी उठणं. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमाराला असतो, तेव्हा तोच गजर निम्मा सोपा वाटतो. थंडीत सुरू केलेला संकल्प फेब्रुवारीत का मोडला याचं हे एक कारण. सकाळी लवकर उठायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करा.

आणि तासाभराची उडी मारू नका. गजर चार दिवसांमागे पंधरा मिनिटं अलीकडे, बस्स. तेवढ्याच मिनिटांनी झोपायची वेळही अलीकडे यायला हवी, नाहीतर ही झोपेची उधारी आहे. झोप लवकर येत नसेल तर आधी उठायची वेळ पक्की करा, रविवारीही तासाभराच्या आतच ठेवा. आठवडाभरात झोप तिच्यामागे येते. संध्याकाळच्या कॉफीवर डोळा ठेवा. पाच तासांनंतरही तिच्यातलं साधारण निम्मं कॅफिन अंगात असतं. सहाला ऑफिसच्या मशीनची कॉफी घेतली तर अकराला पडल्यावर छताकडे बघणं आलंच.

एक खोलीच्या घरात हे सगळं आणखी अवघड होतं. पाच माणसं, एक टीव्ही, एक टेबल. तिथे 'मला कोणती वेळ आवडते' या प्रश्नाला अर्थ नाही, घर कधी शांत असतं हेच पाहावं लागतं. आठवडा मोजताना चौथा रकाना वाढवा, घरातल्या आवाजाचा: टीव्ही चालू, मुलं जागी, शांत. बहुतेक घरांत दोनच पट्टे शांत निघतात, पहाटेचा आणि अकरानंतरचा. परीक्षा देणाऱ्यांनी वॉर्डातली अभ्यासिका गाठावी, पण तिथे जाण्यायेण्याचाही वेळ मोजावा. येऊन-जाऊन पाऊण तास जात असेल तर दोन तासांपेक्षा कमी बसायला तिथे जाण्यात अर्थ नाही. मंडळाचं ऑफिस दुपारी रिकामं असतं, सोसायटीची गच्ची पावसाळा सोडून सकाळी चालते.

घर सांभाळणाऱ्या बाईचं वेळापत्रक तर बहुतेक सल्ल्यांत बसतच नाही, कारण तिच्याकडे सलग ४५ मिनिटं नसतात. दहा-दहा मिनिटांचे पाच तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी कुणीतरी हाक मारतं. तिथे घटकेचा आग्रह धरू नये. काम तुकड्यांच्या मापाचं कापावं: कुकर होईपर्यंत वीस शब्दांची उजळणी, मशीन फिरेपर्यंत एका गणिताचं उदाहरण, मुलाच्या क्लासबाहेर बाकावर चार पानं. लिहिणं, रेकॉर्डिंग, हिशेब जुळवणं अशी सलग बैठकीची कामं आठवड्यातून दोन वेळा, आणि त्या दोन वेळी स्वयंपाकघर दुसऱ्याकडे. हे दुसऱ्याचं नाव कागदावर लिहायचं. 'कुणीतरी बघेल' असं लिहिलं की ते कुणीतरी तीच असते.

वेळापत्रक घरात सांगितलं नाही तर ते टिकत नाही, हेही इथेच सांगतो. फ्रीजवर पूर्ण तक्ता लावायची गरज नाही. दोनच ओळी पुरतात: मी कधी उठणार, आणि कोणत्या अर्ध्या तासात मला हाक मारायची नाही. त्या बदल्यात घरातल्या दुसऱ्याचा अर्धा तास आपण सांभाळायचा.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नेहमीचं वेळापत्रक रोज पाळता येईल असं समजणं भाबडेपणाचं आहे. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी कॅलेंडरवर उतरवून घ्या. त्या दिवशी भरतीच्या वेळेला जोराचा पाऊस आला की सखल भागात पाणी तुंबतं आणि गाड्या रखडतात. अशा दिवसांसाठी आखूड वेळापत्रक आधीच लिहिलेलं असलं पाहिजे: खुंट्या त्याच, ४५ मिनिटांच्या जागी १०, व्यायामाच्या जागी घरातच दहा सूर्यनमस्कार. याहून लहान एक निव्वळ रूप ठेवा, ताप असताना किंवा रात्री साडेअकराला पोचल्यावर होईल असं: एक पान वाचणे, दोन ओळी लिहिणे. कोणतं रूप चालवायचं हे सकाळी ठरवा. रात्री दमल्यावर ठरवायला बसलात तर दर वेळी निव्वळच निवडाल.

आणि राहिलेलं काम पुढच्या दिवशी ओढायचं नाही. मंगळवारचे पंचेचाळीस बुडाले म्हणून बुधवारी नव्वद, असं केलं की बुधवारचेही बुडतात, मग गुरुवारी एकशे पस्तीस. काल रद्द झालेली ७:५६ आज दोनदा सोडत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ ते २५४ इतका पसरलेला होता; बारा आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने पुढे वाढवून काढलेले. 'एकवीस दिवसांत सवय' हे विसरलेलं बरं. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा फरक पडला नाही, असंही दिसलं.

सणांचं गणित वेगळं. गणपतीचे दिवस, दिवाळीचे चार-पाच, गावाकडची जत्रा, यात वेळापत्रक चालवायला जाऊ नका आणि चालवलं नाही म्हणून जिवाला खाऊ नका. फक्त परत सुरू करायची तारीख आधी लिहून ठेवा. 'विसर्जनानंतर' असं लिहू नका, तारीख आणि वार लिहा. विसर्जनानंतर दोन दिवस घसा बसलेला असतो, तेही धरूनच.

रविवारी पंधरा मिनिटं आढाव्याची. मेगाब्लॉकमुळे साधारण अकरा ते चार बाहेर पडायची सोय नसतेच, त्यातलीच पंधरा मिनिटं. रेल्वेसुद्धा रुळांची कामं रविवारीच काढते. रविवारी रात्री आढावा घेऊ नका, तेव्हा सोमवारची धाकधूक असते आणि माणूस सूडबुद्धीने नवीन नियम करतो. आठवड्याची ओळन् ओळ वाचायची. एकच ओळ तीनदा हुकली असेल तर ती चुकीच्या जागी आहे. तिची जागा बदला किंवा लांबी निम्मी करा. एका आठवड्यात बदल एकच. तीन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही. एखादी ओळ पाच आठवडे सलग हुकत असेल तर ती मनातून नकोच आहे, असं समजून खोडा. वहीत पट्टीने रेघा आखायला, रंग भरायला, अ‍ॅप बदलायला लागलात तर ती चालढकलच, नीटनेटक्या कपड्यांतली. फोनवर गजर तीनच: उठण्याचा, घरातून निघण्याचा, आणि झोपायच्या आधी अर्ध्या तासाचा. सात गजर लावलेला माणूस सातही बंद करायला शिकतो.

फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांनी, म्हणजे नर्स, कॉल सेंटर, विमानतळ, छापखाना, घड्याळाचा रकाना खोडून तिथे 'उठल्यापासून किती' असं लिहावं. उठल्यावर एक तासाने जेवण, दोन तासांनी बैठक, असं. पाळी बदलली तरी तक्ता तोच राहतो, नुसता सरकतो. दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीला जाड पडदा लागतो, आणि दाराच्या बेलवर दुपारी चारपर्यंत वाजवू नका असा कागद.

घरून काम करण्याच्या दिवसाला वेगळं पान हवं. प्रवासाचे वाचलेले चार तास कुठे गेले हे मोजल्याशिवाय कळत नाही. बहुतेक ते लॉगिन लवकर आणि लॉगआउट उशिरा यातच गेलेले असतात. त्या दिवशी दोन खोट्या खुंट्या ठोका. सकाळी कामाला बसायच्या आधी खाली उतरून दूध किंवा कोथिंबीर आणायची, आणि संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत घालून बॅगेची चेन लावायची. टेबलावर उघडा राहिलेला लॅपटॉप रात्री साडेनऊला परत सुरू होतो.

मोजलेले आकडे वर्षभर टिकत नाहीत. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की रिक्षाच्या लाईनीत शाळेच्या बॅगा वाढतात, पावसात रिक्षा कमी होतात, आणि मार्चमध्ये सात मिनिटांत मिळणारी रिक्षा वीस मिनिटांवर जाते. तेव्हा पुन्हा पाच दिवस, फक्त घर ते प्लॅटफॉर्म एवढंच मोजायचं, आणि पुठ्ठ्यावरचा आकडा खोडून नवा लिहायचा. पेन्सिलीने.